सहज केला होता

आमच्या घरचा पहिला फोन नंबर आमचा नव्हता. तो वाड्याच्या मालकांचा होता. ताईच्या लग्नपत्रिकेवर आप्पांनी मोठ्या हौसेनं तो छापून घेतला आणि पुढे ‘पी. पी.’ अशी दोन अक्षरं टाकली. मिरजेतला तीन आकडी नंबर. टेलिफोन खात्याच्या भाषेत पी. पी. म्हणजे ‘पर्टिक्युलर पर्सन’, म्हणजे अमुक एका माणसालाच बोलावून द्या. आमच्या वाड्यात त्याचा अर्थ ‘पायऱ्यांवरून पळापळ’ असा होता. फोन वाजला की मालकांकडच्या काकू चौकात यायच्या, मान वर करायच्या आणि ओरडायच्या, “मुंबईचा फोऽऽन!” कुणाचा, कुणासाठी, ते सांगायच्या नाहीत. गावाचं नाव सांगितलं की आपलं काम झालं, ज्याचं कुणी मुंबईला असेल तो धावेल, असा त्यांचा हिशेब. वाड्यात नऊ बिऱ्हाडं होती आणि नवांचंही कुणी ना कुणी मुंबईला होतं.

त्यामुळे फोन एकाचा आणि धावपळ नऊ घरांची. कुणी कणकेच्या हातानं, कुणी अर्धी दाढी करून, कुणी एका पायात चप्पल घालून. मालकांच्या मधल्या खोलीत, देवघराशेजारच्या कोनाड्यात, क्रोशाच्या रुमालाखाली तो काळा फोन बसलेला असायचा. ज्याचा फोन असेल त्याच्या हातात रिसीव्हर जायचा आणि उरलेले आठजण, आलोच आहोत तर, म्हणून तिथेच थांबायचे. बातमी घरी जाऊन सांगायचं कामच उरत नसे. एकदा वरच्या मजल्यावरचे मास्तर फोनवर नुसतंच “बरं… बरं… कधी?… बरं” असं म्हणाले, तर रिसीव्हर खाली ठेवायच्या आत दोन बायका रडायला लागल्या होत्या. मास्तरांची बदली झाली होती.

पण त्यात त्या बायकांची चूक नव्हती. परगावचा फोन म्हणजे वाईट बातमी, हे तेव्हा गणितासारखं पक्कं होतं. कारण फोन ‘करायचा’ नसे, ‘बुक’ करायचा असे. १८० फिरवायचा, गाव सांगायचं, नंबर सांगायचा आणि वाट बघायची. रेल्वेला असतात तसे फोनलाही वर्ग होते. ‘ऑर्डिनरी’ ही पॅसेंजर. सकाळी बुक केला तर दिवेलागणीला लागायचा, आणि तोवर आपण काय बोलणार होतो ते आपणच विसरलेलो असायचो. ‘अर्जंट’ला दुप्पट पैसे. आणि त्याही वर, कित्येक पट दराचा ‘लायटनिंग’. तो करणारा माणूस एक तर मंत्री, नाही तर दलाल, नाही तर नुकताच पोरका झालेला. वीज कोसळल्याची बातमी विजेच्या वेगानं. तीन मिनिटं झाली की ऑपरेटर बाई मध्येच डोकावून विचारायच्या, “थ्री मिनिट्स ओव्हर. एक्स्टेंड करू?” मरणाची बातमी सांगणाऱ्यालासुद्धा त्या हेच विचारायच्या, आणि तोही हुंदका आवरून “नको नको” म्हणायचा.

या सगळ्या प्रकारांत पी. पी. कॉल हा गरिबांचा कैवारी. हवा तो माणूस जागेवर नसेल तर कॉलचे पूर्ण पैसे लागत नसत, किरकोळ आकारावर भागत असे. आता ज्या देशात केळ्याच्या सालीची भाजी होते, तिथे या सवलतीचं काय होणार? माझ्या मुंबईच्या मामानं मामीच्या बाळंतपणाआधी आजोबांशी ठरवून ठेवलं : मुलगा झाला तर ऑपरेटर ‘गणपतराव’ मागेल, मुलगी झाली तर ‘लक्ष्मीबाई’. दोघांपैकी कुणीच घरात नसल्यामुळे बातमी जवळजवळ फुकटात पोचेल.

ठरल्या रात्री आजोबा कोनाड्यापाशी खुर्ची टाकून बसले. फोन आला. “गणपतराव आहेत का?” आजोबा आनंदानं ओरडले, “नाहीत!” एवढा आनंद ऑपरेटर बाईंना अपेक्षित नसावा. त्यांनी पुन्हा विचारलं, “नक्की नाहीत?” “मुळीच नाहीत!” म्हणत आजोबांनी फोन ठेवला आणि पेढे आणायला पैसे काढले. अर्ध्या तासानं पुन्हा घंटी. “लक्ष्मीबाई आहेत का?” आजोबांच्या हातातून पुडा पडायचाच राहिला. मुलाची मुलगी कशी झाली? आधीची बातमी चूक की नंतरची? त्या रात्री आजोबांनी स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या नावानं, मुंबईला अर्जंट कॉल लावला आणि तो दोनदा ‘एक्स्टेंड’ केला. मामाला जुळं झालं होतं. वाचवलेले पैसे तर गेलेच, वर आजोबा आयुष्यभर सांगत राहिले की टेलिफोन खात्याला फसवायला जाऊ नये, ते शेवटी वसूल करतंच.

मग एसटीडी आली. भारतात पहिली एसटीडी १९६० साली कानपूर आणि लखनौ या दोन शहरांदरम्यान सुरू झाली. आमच्यापर्यंत पोचायला तिला वेळ लागला. ‘सब्स्क्रायबर ट्रंक डायलिंग’ म्हणजे ट्रंक कॉल ऑपरेटरविना आपला आपण फिरवायचा. पूर्वी ‘कॉल लागत नाही’ म्हणून ऑपरेटर बाईंवर चिडता यायचं. आता चिडायलाही कुणी उरलं नाही. शून्य, दोन, एक, दोन… पुण्याचा तेव्हाचा कोड फिरवून पूर्ण व्हायच्या आत ‘टूं टूं’ सुरू. फारच नशीब असलं तर एक गोड आवाज सांगायचा, “या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत.” गावागावात एवढं कोण बोलतंय, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे.

मी नोकरीला पुण्यात आलो तोवर चौकाचौकात एसटीडी-आयएसडी-पीसीओचे पिवळे बोर्ड लागले होते. दिवसा पूर्ण दर, संध्याकाळी अर्धा, आणि रात्री अकरानंतर पाव. यामुळे मराठी कुटुंबातल्या बातम्यांची कायमची वर्गवारी झाली. मृत्यू पूर्ण दरानं कळवायचा, तिथे काटकसर बरी दिसत नाही. लग्न जमलं तर अर्ध्या दरानं. आनंद आहे, पण संध्याकाळपर्यंत थांबू शकतो. आणि जमलेलं मोडलं तर पाव दरानं, कारण त्याला वेळ लागतो.

अकराला पाच कमी असताना आमच्या कोपऱ्यावरच्या बूथपुढे रांग लागायची. रांगेतल्या प्रत्येकाचं लक्ष घड्याळाकडे. नंबर लागला तरी माणूस आत जायचा नाही, “तुम्ही व्हा पुढे” म्हणायचा. इतका सभ्यपणा पुण्याच्या रांगेत त्यापूर्वी आणि त्यानंतर मी पाहिलेला नाही. आत काचेची खोली, हलायला जागा नाही, डोक्यावर पंखा. आणि डोळ्यांसमोर तो मीटर. लाल आकडे पळताना दिसले की बोलण्याचं व्याकरण बदलायचं. आधी विशेषणं जायची, मग क्रियापदं. मिरजेला मालकांच्या फोनवर आईला बोलावणं पाठवायचं, पाच मिनिटांनी पुन्हा लावायचा. ती धापा टाकत यायची.

“बरा आहेस ना?”

“हो.”

“जेवतोस ना वेळेवर?”

“हो.”

“सर्दी?”

“गेली.”

“बरं, ठेव, ठेव आता. बिल होतंय.”

सात रुपये वीस पैसे. त्यातले निम्मे ‘ठेव ठेव’ म्हणण्यातच गेलेले असायचे. बाहेर आलं की छोट्या यंत्रातून टर्र टर्र करत कागदाची चिठ्ठी निघायची. बूथवाल्या काकांनी कधी आमचं बोलणं ऐकलं असं दाखवलं नाही, पण एकदा सुटे पैसे परत देताना ते म्हणाले, “सर्दीला ओवा घ्या.”

घरी फोन घ्यायचा म्हणजे नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबणं. आमचा अर्ज मुलाच्या जन्माआधीचा. फोन आला तेव्हा मुलगा बालवाडीत होता आणि त्यानंच रिसीव्हर उचलून पहिला ‘हॅलो’ म्हटला. मी ताबडतोब डायलला छोटं कुलूप लावलं. पुढे कळलं की गल्लीतल्या पोरांना कुलपाची अडचणच नव्हती. रिसीव्हर ठेवायच्या जागचं बटण टकटक करून नंबर लावता यायचा : तीनासाठी तीन टिचक्या, शून्यासाठी दहा. ज्या मुलाला सतरा तेरे येत नव्हते तो सात आकडी नंबर न चुकता वाजवायचा. त्याला तबला शिकायला घालावं असं मला तेव्हा फार वाटलं.

लोकल कॉलची दुनिया वेगळीच होती. ट्रंक कॉलमध्ये मरण होतं, एसटीडीत हिशेब होता, आणि लोकलमध्ये निव्वळ सुख. सुरुवातीला एकदा लागला की हवं तेवढं बोला. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत आमची ही तिच्या बहिणीशी बोलायची. दोघी राहायच्या एकाच पेठेत. तीन मिनिटांचा पल्स आला तेव्हा आमच्या घरात दुखवटाच झाला. याच दुनियेत राँग नंबर होता, ज्यातून ओळखी व्हायच्या. क्रॉस कनेक्शन होतं, ज्यातून लोकांच्या सासवा कळायच्या. आणि ब्लँक कॉल होता. फोन वाजायचा, आपण ‘हॅलो’ म्हणायचं, पलीकडे नुसता श्वास. ज्या घरात वयात आलेली मुलगी असे तिथे वडिलांनी फोन उचलला की ब्लँक, मुलीनं उचलला की ‘राँग नंबर’, आणि तो राँग नंबर वीस मिनिटं चालायचा. कॉलरचा नंबर दाखवणारं यंत्र आलं आणि हा कोवळा प्रकार एका रात्रीत नामशेष झाला. त्याची शोकसभाही कुणी घेतली नाही.

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना मोबाईलवरून फोन केला. देशातला तो पहिला. नंतर मोबाईल आला तो श्रीमंताचा चोचला म्हणून : मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर, आणि गंमत म्हणजे आलेल्या फोनलाही पैसे. म्हणजे कुणी आपल्याला शिव्या द्यायला फोन केला तरी त्या आपल्याच खर्चानं ऐकायच्या. आमच्या ऑफिसातल्या साहेबांचा मोबाईल वाजला की ते तो हातात घेऊन नंबर बघायचे, कट करायचे आणि टेबलावरच्या ऑफिसच्या फोनवरून उलट फोन लावायचे. मोबाईल हे बोलायचं यंत्र नसून कुणाशी बोलायचंय ते कळवणारं यंत्र आहे, हे त्यांनी सर्वांत आधी ओळखलं.

त्यातच ‘सर्कल’ नावाचं प्रकरण. टेलिफोन खात्यानं देशाचे तुकडे पाडले त्यात मुंबई हे एक सर्कल, आणि उरलेला महाराष्ट्र अधिक गोवा हे दुसरं. ज्या मुंबईसाठी महाराष्ट्रानं रक्त सांडलं ती खात्यानं एका फटक्यात वेगळी काढली. आणि ज्या गोव्यानं १९६७ च्या जनमत कौलात ‘विलीन होणार नाही’ असं स्पष्ट सांगितलं होतं, त्याला न विचारता विलीन करून टाकलं. कुणी साधा मोर्चाही काढला नाही, कारण मोर्चाला माणसं बोलवायला रोमिंग पडलं असतं. डेक्कन क्वीन घाटाकडे सरकली की डबाभर एकच वाक्य ऐकू यायचं, “ठेव ठेव, रोमिंग लागेल आता!”

या टंचाईतून मिस्ड कॉल जन्मला, माझ्या मामाच्या पी. पी. कॉलचा सख्खा नातू. न उचललेल्या फोनला पैसे नाहीत, एवढं एक सूत्र. त्यावर आम्ही सबंध भाषा रचली. एक रिंग म्हणजे पोचलो. दोन म्हणजे खाली ये. तीन म्हणजे तू फोन कर, माझ्याकडे बॅलन्स नाही. आमच्या दूधवाल्याची एक रिंग म्हणजे ‘पिशवी दाराला लावली’. अडचण एवढीच की एक रिंग देणाऱ्याचा फोन चुकून कुणी उचलला तर तो भांडणाचा विषय व्हायचा : “उचललास कशाला? रुपाया गेला ना माझा!” फोन उचलला म्हणून रागावणारी माणसं जगाच्या इतिहासात तेव्हाच होऊन गेली असतील. २०११ साली तर अण्णा हजारे यांच्या आंदोलनाला लोकांनी मिस्ड कॉल देऊन पाठिंबा दिला. स्वातंत्र्यासाठी तुरुंगात जावं लागलं होतं. भ्रष्टाचाराविरुद्ध एक रिंग पुरली.

पुढचं सगळं उतारावरच्या गाडीसारखं. २००३ साली इनकमिंग फुकट झालं. २००६ साली देशभरात कुठेही रुपयाला मिनिट. २००९ साली पैशाला सेकंद, आणि २०१६ पासून बोलणं फुकट, पैसे इंटरनेटचे. लोकल, एसटीडी, रोमिंग हे शब्दच बिलातून गळाले, मग बिलही गळालं. राहिला तो अठ्ठावीस दिवसांचा रिचार्ज. वर्षात असे तेरा बसतात. आपल्या पंचांगात अधिक मास तीनेक वर्षांतून एकदा येतो. कंपन्यांनी तो दरवर्षी आणला आणि जावयाला वाणही द्यावं लागत नाही, सगळं कंपनीलाच.

फुकट झाल्यावर काही वर्षं माणसं नुसती बोलत सुटली. बेल न वाजवता दारात उभं राहून “दार उघड” असा फोन. भाजीवाल्यासमोरून “मेथी घेऊ की शेपू?” असा फोन. मंडईतून निघाल्याचा, मंडईतून निघून सिग्नलला थांबल्याचा, सिग्नल सुटल्याचा. आजोबांच्या आयुष्यात झाले नसतील तेवढे कॉल एका मेथीच्या जुडीवर होऊ लागले.

आणि मग, पोट भरल्यावर ताट सरकवावं तसं, सगळ्यांनी बोलणंच बाजूला सरकवलं. आता फोन करण्याआधी ‘फोन करू का?’ असा मेसेज करावा लागतो. तोही ‘सीन’ होऊन पडून राहतो. व्हिडिओ कॉलवर न्यू जर्सीच्या भाचीशी बोलताना मला तिच्या मुलाचं कपाळ दिसतं आणि तिला आमच्या घराचा पंखा. काही लोक तर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून पाठवतात; त्यात आपण ‘हं’ म्हणण्याचीही सोय नाही. मध्यंतरी फोन लावला की आधी कुणीतरी खोकायचं आणि करोनाची माहिती द्यायचं. नंतर अमिताभ बच्चन सायबर चोरांपासून सावध करू लागले. घंटी वाजून कुणी ‘हॅलो’ म्हणेपर्यंत आपण फोन कशाला केला ते विसरायचो. ऑर्डिनरी ट्रंक कॉलचे दिवस परत आले होते म्हणायचे. आणि जे फोन न विचारता, थेट, आपल्या नावानं येतात, ते कर्ज देणाऱ्यांचे. ‘फोन करू नका’ म्हणणाऱ्यांची सरकारी नोंदवही २००७ पासून आहे. माझं नाव तिच्यात आहे. कर्जवाल्यांना ते बहुधा तिथेच सापडलं असावं.

परवाची गोष्ट. गुरुवारी सकाळी अकरा वाजता बाल्कनीतल्या कुंडीतल्या लिंबाच्या झाडाला पहिलं लिंबू दिसलं. चार वर्षं मी त्याला पाणी घालत होतो. बेंगळुरूला मुलाला फोन लावला. मेसेज न करता, असाच.

“काय झालं, बाबा?”

“काही नाही रे. सहज.”

पलीकडे शांतता. मग आवाज खाली आला. “आई बरी आहे ना?”

“बरी आहे.”

“तुमचं बीपी?”

“बरं आहे. अरे, आपल्या कुंडीत…”

“मीटिंगमध्ये आहे, पाच मिनिटांत करतो,” म्हणून त्यानं ठेवला. पाचव्या सेकंदाला स्वयंपाकघरात हिचा फोन वाजला. “बाबांना काय झालंय? काही लपवताय का तुम्ही?” मग कुटुंबाच्या ग्रुपवर काहीतरी पडलं असावं, कारण न्यू जर्सीहून भाचीचा फोन आला; तिच्याकडे मध्यरात्र होऊन गेली होती. तिच्यापाठोपाठ ताईचा. शेजारच्या फ्लॅटमधले गृहस्थ चाव्या हातात घेऊन दारात उभे, “गाडी काढू का?” मुलानं त्यांनाही लावला होता. पन्नास वर्षांनी पुन्हा एकदा फोन एकाचा आणि धावपळ सगळ्या वाड्याची. सगळ्यांना मी लिंबू दाखवलं. सगळ्यांनी ते पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

रात्री अंथरुणावर पडलो तर फोन वाजला. अकरा वाजून दोन मिनिटं. मुलाचं नाव. मी ताडकन उठून बसलो, छातीत धडधड.

“काय झालं रे?”

“काही नाही, बाबा. सहज केला होता. लिंबू केवढं आहे?”

मी सांगितलं, सुपारीएवढं. त्यानं विचारलं, पिवळं की हिरवं. मी म्हटलं, हिरवं. मग तो जेवला का ते मी विचारलं, आणि माझी सर्दी गेली का ते त्यानं. बोलण्यासारखं तेवढंच होतं, पण दोघांपैकी कुणीच ठेवत नव्हतं. माझी नजर उगीचच समोरच्या भिंतीवर गेली, जणू तिथे लाल आकडे पळतायत.

“बरं, ठेव, ठेव आता,” मी म्हणालो. “बिल होतंय.”

तिकडे क्षणभर काहीच आवाज आला नाही.

“कसलं बिल?” त्यानं विचारलं.